नोएडातून मयूर विहारला मसाला पाठवताना

चि. ईशास,



गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट ऑनलाइन विकायचं तू नक्की केलंस, बरं केलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर देण्यासारखं नाही. अ‍ॅमेझॉनवर जाऊ, शॉपिफाय घेऊ, की तुझा नवरा सुजय म्हणतो तसं वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवू? आपल्या मराठी मंडळातल्या आणखी दोघीतिघी हेच विचारत असतात, म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. मी संगणकातली जाणकार नव्हे. करोलबागेतल्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्यात आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरण्यात माझी हयात गेली. त्यामुळे दुकान किती देखणं आहे ते मला कळत नाही. ते बंद करायची वेळ आली तर मालकाच्या हातात काय उरतं, एवढं कळतं.

पहिली गोष्ट प्लॅटफॉर्मची नाहीच, तुझ्या पत्त्याची आहे. तू राहतेस नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात. मी मयूर विहारात, म्हणजे दिल्लीत. मध्ये फक्त चिल्ला बॉर्डर. सुजयचं ऑफिस गुरुग्रामला, म्हणजे हरियाणात. आपण सगळे याला एनसीआर म्हणतो आणि एकच शहर समजून मेट्रोने हिंडतो. जीएसटीच्या लेखी ती तीन राज्यं आहेत. तू सातआठशे किलोमीटरवरच्या बनारसला मसाला पाठवलास तर तो राज्यातला व्यवहार, आणि माझ्या दारी पाठवलास तर परराज्यातला. मालाच्या विक्रीला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही असं तुला कोणीतरी सांगितलंय, ते अर्धंच खरं आहे. कर लागणारा माल परराज्यात विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यातून सूट आहे, मसाल्याला नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही अ‍ॅमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण तोही आपल्याच राज्यात. म्हणजे लखनौ चालेल, लक्ष्मीनगर चालणार नाही. आणि तुझं गिऱ्हाईक तर दिल्लीत आहे! पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात येणारी, गणपतीच्या दिवसांत मंडळांतून भेटणारी माणसं हीच तुझी पहिली पेठ. तेव्हा जीएसटी क्रमांक घेण्यावाचून गत्यंतर नाही. प्लॅटफॉर्म कुठलाही घे.

यालाच लागून आणखी एक फास आहे. मार्केटप्लेसवाले सांगतील की माल आमच्या गोदामात ठेवा, आम्ही झटपट पोहोचवू. दिल्लीच्या भोवतालची बरीचशी मोठी गोदामं गुरुग्राम-मानेसरच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे हरियाणात. तिथे तुझी चार खोकी ठेवलीस की हरियाणाचा वेगळा जीएसटी क्रमांक, वेगळी विवरणपत्रं, वेगळा हिशेब. घरगुती मसाल्याच्या धंद्याला हा पसारा कशाला? माल घरातूनच पाठव.

आता मार्केटप्लेसचं. आपल्या दिल्लीत दिल्ली हाटला कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी गाळे मिळतात, ते तू पाहिलंयस. गर्दी हाटाची, तिकीट हाटाचं, नावही हाटाचं. पंधरवडा संपला की बांधाबांध करून निघायचं. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यावर दुकान मांडणं हे असंच आहे, फक्त पंधरवडा कधी संपणार ते तिथे कोणी सांगत नाही. मी हे उगाच म्हणत नाही. याच एनसीआरमध्ये 2010 साली स्नॅपडील सुरू झालं. त्यांनी हस्तकलेच्या वस्तूंची शोपो नावाची साइट घेतली आणि जुलै 2015 मध्ये ती शून्य कमिशनचा बाजार म्हणून नव्याने आणली. घरी बसून दागिने, पिशव्या, पणत्या विकणाऱ्या किती बायकांनी तिथे दुकानं थाटली. फेब्रुवारी 2017 मध्ये शोपो बंद. गुरुग्रामचंच शॉपक्लूज 2011 साली निघालं आणि 2019 मध्ये सिंगापूरच्या क्यूटेनकडे गेलं. त्याआधीची गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोरची आहे. 2000 साली मुंबईत बाझी डॉट कॉम निघालं, 2004 मध्ये ईबेने ते विकत घेतलं, 2017 मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला, आणि 14 ऑगस्ट 2018 ला ती साइट बंद झाली. करोलबागेतला माझा एक अशील तिथे वर्षानुवर्षं मोबाइलचे सुटे भाग विकायचा. त्याच्या नावापुढे ग्राहकांनी दिलेल्या चांगल्या शेऱ्यांची भली मोठी रास होती. दुसऱ्या साइटवर गेला तेव्हा त्या राशीतला एक शेराही त्याच्याबरोबर गेला नाही. नवख्या पोराच्या रांगेत उभं राहून त्याने पुन्हा सुरुवात केली.

शून्य कमिशन हा शब्द ऐकला की मी आधी बाकीची कलमं वाचते. कमिशन नसलं तरी पाठवणीचं शुल्क असतं, परत आलेल्या मालाचं असतं, जाहिरातीचं असतं, आणि या सगळ्या सेवांवर 18 टक्के जीएसटी असतो. शिवाय तुझ्या विक्रीतून ते जीएसटीपोटी 0.5 टक्का टीसीएस कापणार (10 जुलै 2024 च्या आधी तो 1 टक्का होता) आणि वर्षाची विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर प्राप्तिकरापोटी 0.1 टक्का. हे दोन्ही बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात, पण तेवढी रोकड अडकते. मोठ्या मार्केटप्लेसवर ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं ही तक्रारही आपल्या दिल्लीतूनच गेली. दिल्ली व्यापार महासंघाच्या अर्जावरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. तुझ्या चार पाकिटांना त्या भांडणाशी कर्तव्य नाही. एवढंच समज की तिथे कोण वर दिसणार आणि कोण खाली, हे तू ठरवत नाहीस. ग्राहकाचा फोन नंबर तुला सहसा मिळत नाही, आणि पार्सलमध्ये ‘पुढच्या वेळी थेट माझ्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते.

तरी मार्केटप्लेस अजिबात नको असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाला तुझं मेतकूट दिसणार कुठे? दोन वस्तू तिथे ठेव, नमुना म्हणून. घर मात्र दुसरीकडे बांध.

सुजयला एक गोष्ट सांग, त्याला पटेल. दिल्लीत 2012 मध्ये कार्टरॉकेट नावाची कंपनी निघाली. काम काय, तर छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन दुकान बांधून द्यायचं. म्हणजे तू आज जे शोधते आहेस तेच. काही वर्षांत त्यांनी ओळखलं की विक्रेत्याची खरी रड दुकान बांधण्याची नाही, पार्सल पोहोचवण्याची आहे. 2017 मध्ये त्यांनी धंद्याची दिशाच बदलली, आणि आज तीच कंपनी शिपरॉकेट म्हणून ओळखली जाते. दुकानं बांधणाऱ्यांनीच दिलेला हा कौल मला फार बोलका वाटतो. तुम्ही दोघं थीमचा रंग आणि लोगो यांवर रात्री जागवताय. त्याऐवजी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक मोजपट्टी घेऊन बसा.

का ते सांगते. कुरिअर नुसत्या वजनाचे पैसे घेत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. येईल ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. दिवाळीत तू किलोभर चिवडा पाठवायचं म्हणतेस. चुरा होऊ नये म्हणून खोकं घेशील 30 बाय 25 बाय 20 चं. गुणाकार 15,000, भागून आले 3. किलोभर चिवड्याला 3 किलोंचं भाडं! तेच गोड्या मसाल्याची पावपाव किलोची चार पाकिटं 20 बाय 15 बाय 10 च्या खोक्यात बसतात. तिथे हिशेब 600 ग्रॅमचा येतो, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे पडतात. म्हणून दुकानात मसाला, भाजणी, मेतकूट हे आटोपशीर जिन्नस ठेव. चिवडा-चकली एनसीआरमधल्या लोकांना हातोहात दे, मंडळात स्टॉल लाव, कुरिअरने नको. आणि प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढून ठेव. कुरिअरवाले नंतर वजन वाढवून बिल लावतात, तेव्हा तो फोटोच कामाला येतो.

कॅश ऑन डिलिव्हरी पहिल्या वर्षी ठेवूच नकोस. पार्सल नाकारलं गेलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी तुझ्या माथी, आणि परत आलेलं खाण्याचं पाकीट पुन्हा विकायला माझं मन तरी धजणार नाही. यूपीआय आता सगळ्यांकडे आहे. प्लॅटफॉर्म निवडताना हे बघ: पिनकोडप्रमाणे भाडं लावता येतं का, कॅश ऑन डिलिव्हरी बंद करता येते का, प्रत्येक वस्तूचं वजन आणि माप नोंदवता येतं का. बाकीची सोयींची यादी वाचली नाहीस तरी चालेल.

राहिला शॉपिफाय की वूकॉमर्स हा वाद. शॉपिफायचा जन्म कॅनडात. मालकाला बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या, मनासारखं दुकान मिळेना, म्हणून त्याने स्वतःच बनवलं. ते भाड्याचं घर आहे: नळ गळला तर दुरुस्ती मालकाची, पण भाडं दरमहा. त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे इथला पेमेंट गेटवे जोडावा लागतो, आणि मग बेसिक योजनेत गेटवेच्या शुल्काशिवाय आणखी 2 टक्के शॉपिफायला जातात. महिन्याला 50,000 ची विक्री झाली तर हे 1,000 रुपये. हा आकडा त्यांच्या जाहिरातीत ठळक नसतो, म्हणून सांगितला. वूकॉमर्स फुकट, पण होस्टिंग फुकट नाही, आणि दर थोड्या दिवसांनी प्लगइन अद्ययावत करणं, बॅकअप घेणं, मध्येच पेमेंट अडकलं तर रात्री उठून बघणं हे सुजयच्या अंगावर. फुकटातलंही कायमचं नसतं: मॅजेंटो या अशाच सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती जगभरच्या दुकानदारांनी वापरली, जून 2020 मध्ये तिची देखभाल बंद झाली आणि लोकांना दुकानं नव्याने बांधावी लागली.

माझं मत विचारशील तर तुझ्या आठदहा वस्तूंसाठी आत्ता भाड्याचंच दुकान घे. सुजय पहिले दोन रविवार वूकॉमर्सचं कौतुक करील, तिसऱ्या रविवारी क्रिकेट बघील. मी त्याला लग्नाआधीपासून ओळखते. विक्री लाखावर स्थिरावली की 2 टक्के टोचू लागतील, तेव्हा वूकॉमर्सचा विचार करा. तोवर दर महिनाअखेर वस्तूंची, ग्राहकांची आणि ऑर्डरींची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घरच्या संगणकात ठेव. ज्या प्लॅटफॉर्मवर अशी यादी उतरवून घेता येत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस.

ओएनडीसी या खुल्या डिजिटल बाजारजाळ्याबद्दलही विचारलंस. केंद्र सरकारच्या पुढाकाराने ही कंपनी 31 डिसेंबर 2021 ला स्थापन झाली आणि एप्रिल 2022 मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली, त्यांत आपलं दिल्ली-एनसीआर होतं. ग्राहक एका अ‍ॅपवर, विक्रेता दुसऱ्याच अ‍ॅपवर, तरी व्यवहार होतो, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण सवलतींशिवाय तिथे गिऱ्हाईक किती टिकेल याची मला अजून खात्री वाटत नाही. तुझं दुकान उभं राहिल्यावर जोडता आलं तर जोड.

सगळ्यांत आधी मात्र डोमेन, म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, घे, आणि ते तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर, तुझ्या कार्डाने. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नाही, सुजयच्या मित्राच्या नावावर तर नाहीच. माझ्या एका अशिलाचं साडीचं दुकान होतं. डिझायनरने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं. पैशांवरून बिनसलं, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याने फोन उचलणं बंद केलं. दुकानाच्या पाट्या, पिशव्या, बिलं, सगळ्यांवर तो पत्ता छापलेला होता. शेवटी दुसरं नाव घेऊन सगळं पुन्हा छापलं. डोमेन तुझं असलं की मागचा प्लॅटफॉर्म दहादा बदल, ग्राहकाला पत्ता तोच राहतो.

अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी घरगुती स्वयंपाकघरालाही लागते, ती राहून जायला नको. पाकिटावरचा तपशील, म्हणजे घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तुझा पत्ता, तक्रारीसाठी नंबर, हिरवा ठिपका हे तर हवंच. पण यातला बराचसा मजकूर 1 जानेवारी 2018 पासून विक्रीच्या पानावरही दाखवावा लागतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नावही देणं भाग आहे. तुझ्या दुकानात ती अधिकारी तूच.

येत्या रविवारी दोघं जेवायला या. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, भाडेकरार, घरमालकाचं संमतिपत्र आणि ताजं वीजबिल बरोबर आण; जीएसटीचा अर्ज आपण इथेच भरून टाकू. तोवर कोणत्याही प्लॅटफॉर्मची वार्षिक वर्गणी भरू नका, सवलत कितीही मोठी दाखवली तरी.

तुझी,
मावशी