दोन पात्यांच्या चाकूचा नाद

संग्रहाचा नाद ज्यास लागतो, त्याच्या छंदाचा खरा खर्च घरची मंडळी सोसतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. आम्ही खिशातले मिटते चाकू जमवितो. तेही सरसकट सर्व नव्हेत. मुठीच्या दोन टोकांस दोन पाती, एक मोठे व एक लहान, दोहोंस सांभाळणारी पाठीमागे एकच कमान, आणि मिटल्यावर सबंध लांबी तीन-साडेतीन इंच, एवढ्याच घाटाचे चाकू आम्हांस हवे असतात. चाकू म्हटला की पुष्कळांस चित्रपटांतला रामपुरी आठवतो. परंतु आमचा चाकू दंगलीतला नव्हे, दप्तरातला आहे.

ह्या घाटाचा जन्मच लेखणीसाठी झाला. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी तासण्यास असा लहान चाकू लागे. आपल्याकडे हेच काम बोरूचे. बोरूचे टोक तिरकस छाटावे, मध्ये बारीक चीर पाडावी, आणि झिजले की पुन्हा तासावे, हा मोडी लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाचा नित्यक्रम होता. पुढे टाक आला, पेन्सिल आली. पण चाकू खिशातून गेला नाही. सुपारीचे खांड, आंब्याची फोड, पार्सलाची सुतळी, सर्वांस तोच.

आपल्या जुन्या घरांत सापडणारा उत्तम चाकू बहुधा इंग्लंडातील शेफिल्ड शहरचा असतो, आणि त्यातही जोसेफ रॉजर्स ह्या पेढीचा. चांदणी आणि माल्टी क्रूस ही तिची खूण १७६४ पासूनची. हिचा लौकिक एवढा की नकलांचा सुळसुळाट झाला. जर्मनीत घडविलेल्या पात्यांवर शेफिल्डचे नाव घालण्याचे प्रकार वाढले, तेव्हा तेथील कारागिरांच्या तक्रारींचा जोर हे ब्रिटनमधील १८८७ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याचे एक मोठे कारण झाले. म्हणून नुसते नाव वाचून भुलू नये. पात्याच्या मुळाशी मुकुटासह 'व्ही. आर.' अक्षरे असतील तर तो चाकू राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ ह्या अमदानीतला समजावा. 'स्टेनलेस' असे कोरलेले असेल तर तो १९१३ नंतरचाच, कारण हॅरी ब्रिअर्ली ह्यांनी शेफिल्डातच ते न गंजणारे पोलाद त्या वर्षी सिद्ध केले.

मुठीची कथा तर आपल्या अरण्यांपर्यंत येते. शेफिल्डच्या कारखान्यांस लागणारे सांबरशिंग भारतातून मोठ्या प्रमाणात जात असे. आपलेच शिंग समुद्रापार जाऊन मूठ होऊन परत येई, आणि आपण ती 'विलायती' म्हणून कौतुकाने हाती घेत असू! हस्तिदंती मुठीच्या वाटेस मात्र आम्ही जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी तो व्यापार आपल्या देशात बंद झाला आहे, आणि ते योग्यच झाले.

वरठीसारख्या गावी हे चाकू येतात कोठून, असे पाहुणे विचारतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक आमच्याच गावात. पूर्वीच्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून येथे कारकून, गार्ड, मास्तर बदलून आले व गेले. त्यांच्या पेट्यांतले कितीतरी मागे राहिले. गावात पोलादाचा मोठा कारखानाही आहे. अशा ठिकाणी जुन्या लोखंडास भंगार ह्याहून निराळे नाव मिळणे कठीण. भंगारवाला चाकू वजनावर घेतो. त्याच्या तराजूस चांदणी-क्रूस वाचता येत नाही. खीळ सैल झालेला चाकू आम्ही भंडाऱ्यास, पितळेच्या कामात मुरलेल्या कासाराकडे नेतो. पात्यास सहाणेवर मात्र घालू देत नाही, कारण घासून गेलेले पोलाद परत येत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कमानीत सोडावा आणि कातडी म्यानात ठेवू नये. कातडे ओल धरते. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू वेगळाच ठेवावा, कारण ती कुजू लागली म्हणजे शेजारच्या पात्यांसही गंज चढविते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू उभ्या आयुष्यात गोळा केल्या आणि बालवयात गेलेल्या राजा ह्या मुलाच्या नावे संग्रहालय उभारले. त्या पर्वतापुढे आमची पेटी म्हणजे खडा. परंतु संग्राहकापुढचा एक प्रश्न लहानमोठा सर्वांस सारखाच असतो. वस्तू घराबाहेर पडते ती प्रायः वाटणीच्या, मृत्यूच्या किंवा अडचणीच्या वेळी. तेव्हा आपला आनंद दुसऱ्याच्या कठीण दिवसांतून येतो.

गेल्या पावसाळ्यात एक आजी पदराच्या गाठीतून चाकू घेऊन आल्या. यजमान रेल्वेत होते, नुकतेच वारले. "वीस रुपये द्या जी," म्हणाल्या. चाकू सांबरशिंगी मुठीचा, व्ही. आर. मुद्रेचा, दोन्ही पाती पूर्ण. असा एकही आमच्यापाशी नव्हता, नाही. हात पुढे झाला होता, हे नाकारीत नाही. तरी त्याची खरी किंमत आम्ही त्यांस सांगितली आणि विचारले, "आजी, घरात नातू आहे ना?" त्या क्षणभर चाकूकडे पाहत राहिल्या, मग गाठ पुन्हा बांधून निघून गेल्या. आता तो मुलगा शाळेच्या पेन्सिली त्यानेच तासतो, असे कळते. आमच्या पेटीतली ती जागा रिकामी आहे. घरच्या मंडळींनी मात्र त्या दिवसापासून 'लोखंडाचे तुकडे' हा शब्द सोडला.

वाचकहो, आपल्याही माजघरातल्या फडताळात, आजोबांच्या कागदांखाली, असा एखादा चाकू असेल. भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी तो उघडून पाहावा, आणि तो कोणाचा, त्याने काय लिहिले गेले, हे सांगणारे वडील माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्यावे. चाकू पुढेही मिळेल. ते सांगणे मिळणार नाही.