दार की शिडी?

गेल्या मे महिन्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे लंडनला आली होती. एका रविवारी आम्ही सगळे रिचमंड पार्कला गेलो. फाटकाशी आईने सवयीने पर्स उघडली, "तिकीट किती रे?"

"फुकट आहे गं."

मुलांनी हरणं पाहिली, अर्थात नियमाप्रमाणे 50 मीटर लांबून! चालता चालता मी माहिती पुरवली. 1637 साली पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी या रानाला भिंत घातली. पुढे राजकन्या अमेलियाने सामान्य लोकांना बंदी केली, तेव्हा जॉन लुईस नावाचा एक बिअर बनवणारा कोर्टात गेला आणि 1758 मध्ये जिंकला. दार हवं की भिंतीवर शिडी, असं विचारल्यावर त्याने शिडी मागितली.

"शहाणा होता," आई म्हणाली, "दाराला कुलूप घालता येतं."

तेवढ्यात धाकटी पुढे पळाली. मी नेहमीसारखी हळूच हाक मारली.

"चोरून आल्यासारखा काय बोलतोस?" म्हणत आईने खणखणीत आवाज दिला, "ए सोनू, थांब गं!"

हरणांनी मानसुद्धा वर केली नाही.

वीस वर्षं मी इथे येतोय. आता आई परत गेली आहे, पण मुलांना हाक मात्र मी मोठ्याने मारतो. मराठीतच.