शून्याच्याही खाली

आमच्या ह्यांची कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकामाची लहानशी पेढी होती. थोरला बँकेत लागला, तेव्हा धाकट्यानं तरी पेढीवर बसावं, असं त्यांना फार वाटे. पण तो अमेरिकेला शिकायला गेला आणि पुढं चांगली नोकरी सोडून विमान चालवायला शिकवू लागला. हे संतापले. "हट्टी पोरगं आहे. पुढं जायचं तेवढं कळतं त्याला. मागं फिरणं ठाऊक नाही, आणि तिथंच घात होईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा अमेरिकेला जाऊनही ते मुलाच्या विमानात बसले नाहीत. 2012 मध्ये ते गेले. तो अबोला तसाच राहिला.

2014च्या फेब्रुवारीत मी लॉस एंजेलिसला मुलाकडे गेले. एक दिवस तो म्हणाला, "आई, डेथ व्हॅलीला जाऊ या. मोटारीनं पाच तास लागतात, माझ्या विमानानं दोन."

डेथ व्हॅली म्हणजे मृत्यूचं खोरं! माझ्या पोटात गोळाच आला. पण नाही म्हणवेना. नवऱ्याचा हट्ट मी तरी किती वर्षं सांभाळायचा?

विमान कसलं, चार माणसांची सेस्ना. उडण्याआधी त्यानं टाकीतलं थोडं पेट्रोल नळीत काढून उजेडात धरलं. त्यात पाणी तर नाही ना, हे बघत होता. हे कसोटीवर सोनं घासून असेच डोळे बारीक करून बघायचे.

मोहावी गाव मागं पडलं आणि खाली नुसतं वाळवंट पसरलं. मग डोंगरांची एक उंच रांग ओलांडली. पलीकडं खोल, पांढरट खोरं होतं. विमान उतरू लागलं. उंचीच्या घड्याळाचा काटा शून्यावर आला, तरी जमीन खालीच! "आई, फर्नेस क्रीकची धावपट्टी समुद्रसपाटीच्या 210 फूट खाली आहे. उत्तर अमेरिकेत याहून खालचं विमानतळ नाही," तो म्हणाला. तिथं उतरायची परवानगी देणारा मनोराही नाही. वैमानिकानं रेडिओवरून आपण कुठं आहोत ते सांगायचं, वाऱ्याची कापडी पिशवी बघायची आणि स्वतःच ठरवायचं.

धावपट्टी अगदी जवळ आली आणि वाऱ्याचा आडवा झोत बसला. विमान एका अंगाला सरकलं. मी डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेतलं. तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला आणि आम्ही पुन्हा वर निघालो.

"काय झालं रे?"

"काही नाही. नीट जमत नव्हतं, म्हणून मागं फिरलो. पुन्हा बघू. नाहीच जमलं तर घरी जाऊ."

किती सहज बोलला! ना राग, ना कमीपणा. एक फेरी मारली तोवर वारा बसला होता. दुसऱ्या खेपेला चाकं अलगद टेकली.

फर्नेस क्रीक म्हणजे वाळवंटातलं खजुरीच्या झाडांचं हिरवं बेट. 10 जुलै 1913 रोजी इथं 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जगातला उच्चांक म्हणून तोच आकडा सांगतात. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून मुलानं थंडीतली सकाळ निवडली होती.

चालत जवळच्या वस्तीवर गेलो. तिथं जुन्या अवाढव्य लाकडी गाड्या ठेवल्या आहेत. 1883 ते 1889 या काळात अठरा खेचरं आणि दोन घोडे जुंपून त्या मोहावीच्या रेल्वेपर्यंत ओढून नेत. वाट सुमारे 265 किलोमीटरची, दहा दिवसांची. सोबत पाण्याची टाकीही ओढावी लागे.

"एवढं काय न्यायचे?" मी विचारलं.

"बोरॅक्स. म्हणजे आपला टाकणखार, आई."

मी बघतच राहिले. दागिन्याला डाख द्यायचा तर टाकणखार हवाच. त्याशिवाय सांधा धरत नाही. लहानपणी शाळेतून आला की हाच मुलगा पेढीवर बसून, दगडावर पाणी घालून बाबांना टाकणखार उगाळून द्यायचा.

"बाबा आले असते, तर हे सगळं त्यांना दाखवायचं होतं," तो हळूच म्हणाला. इतक्या वर्षांत बाबांबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. मग परतीच्या वाटेवर बोलतच राहिला.

कोल्हापूरला आले, ती आधी पेढीवर गेले. पेढी आता पुतण्या बघतो. ह्यांच्या फोटोला हार घातला आणि म्हटलं, "ऐकलंत का? आपल्या पोराला मागं फिरता येतं. मी डोळ्यांनी बघून आले."