उंची आणि सरळपणा

आमच्या पुतण्यास आपली जिम्नी गाडी २ इंच उंच करावयाची आहे. घाटवाटेंतील दगड तळास लागूं नयेत, ही इच्छा रास्तच. परंतु उंच स्प्रिंगा नि लांब शॉक-ॲब्सॉर्बर बसवून काम संपत नाहीं. गाडी उंचावली कीं तिचा अखंड पुढला आंस किंचित् फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे ज्या रेषेभोंवतीं चाक वळतें तिचा मागील कल, घटतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून नीट सरळ होत नाहीं. वेगांत गाडी भरकटूं लागते. तो कल परत आणणारे बुश आणि आंस मध्यावर राखणारी, लांबी जुळवितां येणारी दांडी कोणाच्या नजरेंत भरत नाहींत, म्हणून खरेदीच्या यादींत त्यांस शेवटचें स्थान मिळतें. “अरे, तुझी आजीही या गाडींत बसणार आहे,” असें सांगून मीं तीं नांवें आरंभीं लिहविलीं, आणि अखेरीस अलाइनमेंटची मोजणी. उंचीचें कौतुक रस्ता करील. सरळपणाची काळजी घरच्यांनींच वाहावयाची.