निदानापूर्वीची चौकशी

बेसा हे एके काळी नागपूरच्या दक्षिणेचे शेतीवाडीचे गाव होते. आता मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणारी पुष्कळशी दांपत्ये वर्धा, यवतमाळ, भंडारा अशा जिल्ह्यांतून नोकरीच्या निमित्ताने आलेली असल्यामुळे, मुलाच्या वर्तनाविषयी पहिले मत देण्याचा जो अधिकार पूर्वी घरच्या आजीकडे असे, तो नर्सरीच्या शिक्षिकेकडे गेला आहे. म्हणून माझ्याकडील बहुतेक प्रकरणांचा आरंभ शाळेच्या डायरीतील एखाद्या शेऱ्याने होतो : मुलगा एका जागी बसत नाही, इतरांना मारतो, सांगितलेले ऐकत नाही. वडील तो शेरा पुढे ठेवून विचारतात, "डॉक्टर, हा हायपर आहे का?" आणि आजी सोबत आली असेल तर, "याचा बाप बी असाच होता बाप्पा," असे म्हणून प्रकरण दाखल होण्यापूर्वीच निकालात काढू पाहते.

शेरा हा फिर्यादीसारखा असतो. त्यात कृत्याचे वर्णन असते, कारणाचा तपास नसतो, आणि तो तपास करणे हेच आमच्या व्यवसायाचे मुख्य काम आहे. ‘ऐकत नाही’ या तक्रारीचा अर्थ मी प्रथम अक्षरशः घेतो, कारण वारंवारच्या सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचलेल्या मुलाला एखाद्या आठवड्यात बरे ऐकू येते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही, व घरच्यांना त्यात केवळ हट्ट दिसतो. जे मूल रात्री तोंड उघडे ठेवून घोरते, त्याची झोप ॲडेनॉइड वाढल्यामुळे तुटत असण्याचा संभव असतो. आणि अपुऱ्या झोपेने मोठा माणूस पेंगतो, तर लहान मूल पुष्कळदा उलट अधिकच सैरभैर होते. विदर्भात सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांच्या मेंदूत कोणतेही बाह्य लक्षण न दाखवता सूक्ष्म इजा होऊ शकते आणि तिचा परिणाम अवधानावर होतो, हे येथील वैद्याने विसरून चालत नाही. मध्येच क्षणभर शून्यात पाहणाऱ्या मुलाच्या हाती मी भिरभिरे देतो आणि तीन मिनिटे जोरजोराने फुंकायला सांगतो. ज्याला अपस्माराचे ते लहान झटके येतात, त्याची फुंकर अनेकदा अर्ध्यावरच थांबते.

यानंतर जबान्या. अतिचंचलतेचे निदान करायचे तर लक्षणे किमान सहा महिने टिकलेली आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसलेली असावी लागतात. त्यामुळे आई एक सांगते आणि शिक्षिका दुसरेच लिहिते, तेव्हा त्या विसंगतीचा मला उपद्रव न वाटता उपयोगच वाटतो. जे मूल केवळ वर्गातच दंगा करते, त्याला कदाचित वर्गातील भाषाच समजत नसेल. घरी मराठी, इमारतीच्या अंगणात हिंदी आणि शाळेत एकदम इंग्रजी, असा बदल त्याच्या वाट्याला आलेला असतो.

माझ्या टेबलावर तान्ह्या पोळ्याचा एक चाकांचा लाकडी नंदी असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असा नंदी सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागण्याची आमच्याकडची प्रथा नागपुरी मुलाला परिचित असल्याने, परदेशी खेळण्यांच्या संचापेक्षा हा नंदी मला अधिक सांगतो : मूल त्याला चारा घालते काय, त्याची शिंगे आईला दाखवून तिच्या चेहऱ्याकडे पाहते काय, की केवळ चाक फिरवीत बसते. तरीही एका खुणेवर निकाल देण्याचा मोह आवरावा लागतो. गेल्या पोळ्यानंतर एक चार वर्षांचा मुलगा आला; हाक मारली तर वळून पाहत नव्हता, चाके फिरवण्यात गढून गेला होता, आणि कोणीतरी ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द त्याच्या आईच्या कानी आधीच घातला होता. मी नंदीचा पाय दुखत असल्याची बतावणी केली, तेव्हा त्याने खिशातला रुमाल काढून त्या पायाला गुंडाळला आणि आईकडे पाहून हसला. समोरून मारलेल्या हाकेला तो ओ देत होता, मागून मारलेल्या हाकेला देत नव्हता. त्याला मी प्रथम श्रवणचाचणीसाठी पाठवले.

या नावांचा इतिहासही सावध करणारा आहे. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांवरील निबंधात स्वमग्नतेचे वर्णन केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणावर तिचा दोष ठेवणारे मत प्रबळ होते. स्वमग्नता आणि अतिचंचलता ही दोन निदाने एकाच मुलाला देण्यास अमेरिकन वर्गीकरणाने 2013 साली मुभा दिली; तोपर्यंत मनाई होती. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. परिणामी दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या आशेने निदान वाकवण्याची विनंती कधी कधी अत्यंत सभ्य शब्दांत होते. स्वमग्नतेच्या भारतीय मापनपट्टीत चाळीस प्रश्न आहेत आणि सत्तर गुणांपासून पुढे स्वमग्नता धरतात. त्या सत्तरच्या आसपासचे गुण देताना पेन जड होते, हे मी नाकारणार नाही. मात्र नाव निश्चित होईपर्यंत मदत थांबवणे हे मला सर्वथा अमान्य आहे. वाचाउपचार सुरू करण्यास दाखला लागत नाही.

श्रवणचाचणीसाठी पाठवलेल्या त्या मुलाच्या दोन्ही कानांत द्रव निघाला. उपचारानंतर तो हाकेला वळू लागला, बोलणे स्पष्ट झाले, इतर मुलांना मारणे पुष्कळ कमी झाले. पण आवडती गोष्टसुद्धा शेवटपर्यंत बसून ऐकणे त्याला घरीही जमेना. या वयात औषधापूर्वी आईवडिलांना वर्तनव्यवस्थापनाचे शिक्षण देणे हा मान्य मार्ग असल्याने मी तेच सुचवले आणि अहवालात लिहिले : स्वमग्नता नाही, श्रवणदोष, उपचाराने सुधारणा, चंचलतेविषयी सहा महिन्यांनी फेरतपासणी. हा शेवटचा शेरा वडिलांना पसंत पडला नाही, त्यांना हो किंवा नाही हवे होते. शिक्षिकेसाठीची प्रश्नावली मात्र त्यांनी नेली, आणि ती नव्या सत्रातील शिक्षिकेने मुलाला महिनाभर पाहिल्यावरच भरावी, असे मी पाकिटावर लिहून दिले.