फोटोत न आलेलं गाव



जानेवारीत आमचा तरुण संघ कोयनेच्या जंगलात सहलीला गेला होता. मंडळीच्या कॅलेंडरसाठी फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. बरेच जण रस्ता विचारतात, म्हणून आधी तो सांगतो. कॅम्पातून रात्री दोनला निघालो. निपाणी, कोल्हापूर करत कराड. इथं कोयना कृष्णेला मिळते. ती ज्या डोंगरांतून येते, तिकडेच आम्हाला जायचं होतं. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली. पठारावरच्या फुलांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी असतो. जानेवारीत नुसतं वाळलेलं गवत, पण तिरप्या उन्हात तेही सोन्यासारखं दिसत होतं.

बामणोलीपासून पुढचा प्रवास लाँचने. हे कोयना अभयारण्य, 1985 सालचं. आता ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. वासोट्याकडे जायला वनखात्याची परवानगी लागते. फोटो काढणाऱ्यांना एकच सांगणं: लवकर पोचा. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि डोंगर एकामागे एक निळे होत जातात. ऊन चढलं की पाणी चकाकतं आणि फोटो पांढरा पडतो.

लाँच चालवणाऱ्या मामांना मी विचारलं, "मामा, फोटोला चांगली जागा कुठली?"

त्यांनी इंजिन मंद केलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "हितं घ्या. आमच्या वडलांचं घर हितं हुतं. खाली."

मी फोटो काढला. त्यात पाणी आलं, पलीकडचा डोंगर आला. घर कुठून येणार?

कोयना धरण 1960 च्या दशकात झालं. 105 टीएमसी पाणी साठवणारा हा शिवसागर जलाशय आणि 1,960 मेगावॉटचा वीज प्रकल्प. त्या विजेवर कारखाने चालले, घरं उजळली. त्यासाठी नदीकाठची गावं उठली, माणसं दूरच्या जिल्ह्यांत गेली. जमिनीच्या हक्कासाठी कित्येक कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी अजून झगडते आहे.

परतताना गाडीत मला यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आठवला. इस्राएल लोक यार्देन ओलांडतात, तेव्हा देव बारा धोंडे उचलायला सांगतो. पुढे मुलांनी विचारलं, की हे धोंडे कसले, तर त्यांना सगळी हकिकत सांगता यावी म्हणून. धोंडे काठावरचे नव्हते. नदीच्या मधोमध, याजकांचे पाय जिथं उभे होते, तिथले होते. एरवी पाण्याखाली असलेला तळ त्यांनी गिलगालला आणून उभा केला. आठवण ठेवायची तर ती तळापासून ठेवायची.

आणि कोयनेपर्यंत जायला कशाला हवं? बेळगावच्या नळाला राकसकोपबरोबर हिडकलचंही पाणी येतं. हिडकल जलाशयातलं पाणी उन्हाळ्यात उतरलं, की हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर दिसू लागतं. तिथंही कुणाची चूल होती, अंगण होतं. आपण जेवणाआधी उपकारस्तुती करतो, अन्नपाण्याबद्दल देवाचे आभार मानतो. ते मानायलाच हवेत. पण पाणी देवानं दिलं आणि ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून कुणीतरी घर सोडलं, ही दोन्ही वाक्यं एकाच प्रार्थनेत बसतात. दुसरं वगळलं तर पहिलं अर्धवट राहतं.

कॅलेंडरसाठी बारा फोटो निवडायचे होते. अकरांवर सगळ्यांचं लगेच एकमत झालं: धुकं, गवत, वासोट्याचा कडा. बारावा मी मामांनी दाखवलेल्या जागेचा ठेवला. संडे स्कूलच्या एका मुलीनं तो पाहून विचारलं, "दादा, ह्यात तर काहीच नाही. कशाला घेतला?"

मग मी तिला ते घर सांगितलं. सगळी मुलं जवळ येऊन बसली. त्या रविवारी मुलांनी आपल्या शब्दांत प्रार्थना केली, ती तुम्हीही करावी:

हे प्रभू, आम्हाला पाणी दिलंस म्हणून तुझे आभार. ज्यांची घरं पाण्याखाली गेली, त्यांना तू विसरू नकोस आणि आम्हालाही विसरू देऊ नकोस. आमेन.