बरगडीतली नळी आणि खाटेखालची बाटली

क्षयाच्या रोग्याच्या बरगडीत नळी आणि खाटेखाली बाटली दिसली, की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते, "आता काही खरे नाही." माझ्या धाकट्या दिरांना अशी नळी एकोणीस दिवस होती. जवळ बसून जे पाहिले, डॉक्टरांना विचारून घेतले, ते तुमच्या कानावर घालते.

भावजींना दोन महिने खोकला आणि संध्याकाळची कणकण होती. एक दिवस कडब्याच्या पेंढ्या उचलताना उजव्या बरगडीत कळ आली आणि दम इतका लागला की बोलवेना. कोणी म्हणाले उसण भरली, तेल चोळा. सासूबाईंनी कोणाचे ऐकले नाही; जीप बोलावून थेट मोठा दवाखाना गाठला. फोटोत उजवे फुफ्फुस चिपाडासारखे आकसलेले दिसले. क्षयाने फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत शिरली होती, खाली पाणीही साचले होते. बाहेरून असा दाब आल्यावर फुफ्फुस फुलणार कसे?

नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेले असते. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आठवा. पाणी वर जाते, मागे येत नाही. तशीच छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, परत आत शिरत नाही. म्हणून बाटली नेहमी छातीच्या खाली हवी. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला मोरीकडे नेताना त्याच्या भावाने ती खांद्यापर्यंत उचलली, तेव्हा नर्सबाई धावत आल्या. बाटलीतले पाणी छातीत उतरू शकते. नळी अंगाखाली दबू देऊ नये, आपल्या मनाने चिमटाही लावू नये. श्वासागणिक नळीतले पाणी खालीवर होते. ते थांबले तर लगेच सांगावे. फुफ्फुस फुललेले असेल, नाहीतर नळी तुंबली असेल.

नुसते पाणी असेल तर बहुधा सुईने काढून भागते. त्याने माणसाची ताकद जाते, ही समजूत खोटी. पू झाला तर मात्र नळी बरेच दिवस राहते, आणि फुफ्फुसावर जाड साल धरली तर शस्त्रक्रिया करून ती काढावी लागते.

गंमत म्हणजे औषधे नव्हती त्या काळी डॉक्टर मुद्दाम छातीत हवा भरून फुफ्फुस मिटवत, त्याला विश्रांती मिळावी म्हणून. इटलीच्या फोर्लानिनी यांनी 1882 साली ही कल्पना मांडली होती.

नळी निघाली, तसे भावजी म्हणाले, "वहिनी, आता गोळ्या कशाला?" मी म्हटले, "भावजी, नळीने हवा काढली, जंतू नाही काढले." साध्या क्षयाला निदान सहा महिने औषध लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. लघवी तांबडी होते, ती औषधाने, घाबरू नये. खुराकासाठी सरकार महिना 500 रुपये देई, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आमच्याकडे त्यात अंडी आणि शेंगदाणे आले. घरातल्या पोरांचीही तपासणी करून घेतली, ती विसरू नका.

श्वास ओढून तीन गोळे वर चढवायचे एक खेळणे दवाखान्यातून दिले होते. भावजी ओसरीवर बसून ते करत, आणि पोरे मोजत. यंदा पेरणीला ते शेतात होते. पोती उचलायचे काम मात्र अजून पुतण्याकडेच आहे, आणि ते काही त्यांना रुचलेले नाही.